उत्तरायणातली शिंक

१४ जानेवारी २०२४. उत्तरायणच्या दिवशी बडोद्यात कुणी घरात बसत नाही, नववा महिना लागलेली बाईसुद्धा. दांडिया बाजारातल्या आमच्या माहेरच्या जुन्या घराच्या गच्चीवर मला खुर्ची टाकून बसवलं होतं. हातात चिक्की, डोक्यावर भावाची टोपी आणि चहूकडून 'काय पो छे'चा गलका. भावाने शेजारच्या काकांचा पतंग कापला. काका फिरकीसकट मागे सरकले ते थेट उंधियूच्या पातेल्यावर टेकले. मी खो खो हसले, हसता हसता शिंकले आणि खुर्ची ओली झाली.

पाणमोट फुटली असंच मला वाटलं. आईलाही तेच वाटलं. पाच मिनिटांत मी रिक्षात, आई मांडीवर पिशवी घेऊन शेजारी, नवरा मागून स्कूटरवर, मांजा अडकू नये म्हणून गळ्याला मफलर गुंडाळून. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आडवं केलं, खोकायला सांगितलं, तपासलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आ तो पेशाब छे, बेन."

त्या अजिबात हसल्या नाहीत, हे मी त्यांचं आजही मानते. बाळाचं डोकं खाली उतरलं की मूत्राशयावर दाब येतो, त्यात शिंक आली की थेंब सुटतात, असं त्यांनी समजावलं. गर्भजल गेलं तर ते झिरपतच राहतं, आवळून धरता येत नाही, त्याला लघवीसारखा वासही नसतो. "पण घरी बसून वास घेत ठरवू नका, असं झालं की निघून या," एवढं मात्र दोनदा बजावलं. गच्चीवर परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, बीपी जरा वाढलं होतं. आईने मान डोलावली. तिथून पुढे वर्षभर मी तेच करत राहिले, बीपी वाढवत राहिले.

खरं तर लपवाछपवी त्याच्याही आधी सुरू झाली होती. पाचव्या महिन्यात लोहाच्या गोळ्या चालू होत्या आणि एके सकाळी शी काळी कुळकुळीत झाली. मी घामाघूम. पोटात रक्तस्राव झाला असणार, बाळाला काहीतरी झालं असणार. सरकारी दवाखान्यांतून गर्भवतींना रोज एक, अशा १८० दिवस ज्या गोळ्या देतात, त्यांत ६० मिलिग्रॅम लोह असतं. त्यातलं जे अंगी लागत नाही ते बाहेर पडतं, तेच हे काळं. हे कुणीतरी गोळ्या हातात देतानाच सांगावं की नाही! त्यात गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे आतडी सुस्तावतात, वरून लोह, म्हणजे बद्धकोष्ठ ठरलेलंच. सातव्या महिन्यात आंघोळ करताना बोटाला कोंब लागला. 'मूळव्याध' हा शब्द मला माहीत होता, पण तो आजोबांचा शब्द होता. सत्तावीस वर्षांच्या मुलीला मूळव्याध? तीन आठवडे रात्री फोनवर शोधत बसले आणि रोज नवा कॅन्सर लावून घेतला. शेवटी दाखवलं तेव्हा डॉक्टरबाईंना पाहायला दहा सेकंद लागले. वाढलेल्या गर्भाशयाचा खालच्या शिरांवर दाब पडतो, त्या फुगतात, बहुतेकींच्या बाळंतपणानंतर बसतात. रात्री ईसबगोल, वर भरपूर पाणी, कोमट पाण्याच्या टबात बसणं आणि कमोडवर बसताना पायांखाली पाट. ईसबगोल तर इथलंच, उंझा-सिद्धपूरकडचं. घरात डबा कायम होता, फक्त मी विचारलं नव्हतं. पाट मात्र कमाल आहे. पूजेचा नव्हे, आंघोळीचा घेतला, सासूबाईंनी शंका काढायच्या आत सांगून टाकलं.

जानेवारीच्या अखेरीस मुलगी झाली. कळा, टाके, रडं, पेढे, ते सगळं सगळ्यांनाच माहीत असतं, म्हणून तिसऱ्या दिवसाकडे वळते. तिसऱ्या दिवशी मला परसाकडे जायचं होतं आणि मी जाणार नव्हते. जोर केला की टाके उसवणार, अशी माझी पक्की खात्री. आई दर तासाला मेतकूट-भात, तूप, मनुकांचं पाणी घेऊन हजर. शेवटी रात्रपाळीच्या सिस्टरने मला बाजूला घेतलं. स्वच्छ पॅड पुढून टाक्यांवर हलकेच दाबून धर, थोडी पुढे वाक, तोंडाने श्वास सोड, कुंथू नकोस. "टाके असे उसवत नसतात गं." चाळीस मिनिटं लागली. बाहेरून आई विचारत होती, "झालं का?" मी आतून "हो" म्हणाले तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सासूने सुटकेचा निःश्वास टाकला. त्या वॉर्डात माझ्या पोटाची काळजी नसलेलं एकच माणूस होतं, ते पाळण्यात झोपलं होतं.

सव्वा महिना माहेरी. शेगडी, धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, आणि शेजारच्या बेननी प्रेमाने पाठवलेलं काटलं, म्हणजे बाळंतिणीला देतात तो गुजराती गोड पदार्थ. अंगावरून जाणं सहाव्या आठवड्यात थांबलं, पण मी पॅड सोडले नाहीत. खोकले की ओलं, बाळाच्या दुपट्यांची बादली उचलली की ओलं. "अजून बंद नाही झालं का?" असं सासूबाईंनी विचारलं, तर मी "जरासं आहे" म्हणाले. सहा आठवड्यांच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी "कंई तकलीफ?" विचारलं. मी "ना" म्हटलं. तो एक शब्द मला फार महागात पडला.

कारण मग मी माझा इलाज सुरू केला. पाणी कमी प्यायचं. घराबाहेर पडायच्या आधी दोनदा जाऊन यायचं. पाणी तोडल्यावर लघवी जळजळायला लागली आणि बद्धकोष्ठ परत आलं. सारखं सारखं 'असू दे, जाऊन येते' केल्याने मूत्राशयाला जेमतेम भरलं तरी हाक मारायची सवय लागली. चहा मात्र तोडला नाही, जो या बाबतीत सगळ्यांत खोडसाळ. कमाटीबागेत मुलीला बाबागाडीतून फिरवायला नेई तेव्हा मला झाडं दिसत नसत, फक्त स्वच्छतागृह कुठे आणि किती लांब ते दिसे.

नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तो जवळ आला की मी कूस बदलायचे. अंगावर पाजणाऱ्या बाईच्या शरीरात इस्ट्रोजन कमी असतं, त्यामुळे कोरडेपणा येतो, दुखतं, आणि मेडिकलमध्ये साधी वंगण जेली मिळते, हे नंतर कळलं. तेव्हा त्याला वाटत होतं मी रागावले आहे, आणि मला वाटत होतं मी बिघडले आहे.

ऑक्टोबरमध्ये नवरात्र आलं. बडोद्यात वाढलेल्या मुलीला गरबा चुकवता येत नाही, मग ती देशस्थ असो नाहीतर कोकणस्थ. मुलीला आईकडे ठेवलं, घागरा घातला आणि सोसायटीच्या मैदानात उतरले. दोन ताळी छान. तीन ताळीही छान. मग ढोलाची लय वाढली, सगळ्या उड्या मारायला लागल्या आणि तिसऱ्या उडीला मला कळलं. घागऱ्याचा घेर पाच मीटरचा होता म्हणून वाचले. तीनदा पळाले आणि चौथ्यांदा कडेच्या खुर्चीवर जाऊन बसले.

वरच्या मजल्यावरची मैत्रीण शेजारी येऊन टेकली. "केम बेसी गई?" मी म्हटलं, पाय दुखतोय. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "पेशाब?" आणि मी बोलून गेले, "हा. कूदुं त्यारे नीकळी जाय छे." उडी मारली की सुटते.

नऊ महिन्यांत पहिल्यांदा तोंडातून निघालं, तेही गुजरातीत. यावर मी नंतर खूप विचार केला. मराठीत मला तो शब्दच सापडत नव्हता. 'तिकडे दुखतं', 'खाली जड वाटतं', 'अंगावरून जातं' एवढ्या तीन वाक्यांत आमच्या घरच्या बायकांचं अर्धं शरीर उरकतं. मराठी म्हणजे आई, आजी, देवघर. गुजराती म्हणजे भाजीवाली, शाळा, मैत्रिणी. तिथे मला लाजवणारं कुणी बसलेलं नव्हतं.

तिलाही पहिल्या मुलाच्या वेळी झालं होतं, आणि तिनेच मला फिजिओथेरपिस्टचा पत्ता दिला. फिजिओथेरपी म्हणजे गुडघे, अशी माझी समजूत. या बाई मात्र फक्त हेच काम करत. पहिला प्रश्न अगदी सरळ: "खांसो त्यारे पेशाब नीकळी जाय छे?" बाळंतपणानंतर दर तिघींतल्या साधारण एकीला हे होतं, असं त्या म्हणाल्या तेव्हा मला पहिल्यांदा राग आला. तिघींत एक म्हणजे आमच्या गरब्याच्या एका फेरीत किती झाल्या?

माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते, मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर टेकलेले. गरोदरपणात ती ताणते, बाळ बाहेर येताना अजून ताणते. व्यायामाने ती बळकट होते, हे अमेरिकेतल्या अर्नोल्ड केगल या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली मांडलं, म्हणून त्याचंच नाव पडलं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी आधी माझी परवानगी विचारली, हातमोजा घालून तपासलं आणि म्हणाल्या, आवळा. मी आवळलं. "नाही, तुम्ही पोट आत ओढताय, श्वास कोंडताय आणि खाली ढकलताय." म्हणजे व्हिडिओ पाहून मी जे महिनाभर केलं असतं ते नेमकं उलटं झालं असतं. मग सांगितलं, सासरच्या पंगतीत वारा अडवायचा आहे आणि त्याच वेळी लघवीही, आणि ते सगळं आत वर उचलायचं आहे, पण चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. ताबडतोब जमलं.

एका वेळी आठ, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. काही सेकंद धरायचं, तितकंच पूर्ण सैल सोडायचं. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. लघवी करता करता धार अडवून हा व्यायाम करायचा नाही. पाणी नेहमीइतकं प्यायचं, चहा कमी करायचा. पोटपट्टा घट्ट आवळायचा नाही. आईला सांगितल्यावर तिच्या योगवर्गाच्या ज्ञानाला ऊत आला, "अगं, हा तर मूळबंध!" बरं, तसं तर तसं.

पहिला महिना काहीही फरक नाही. मी विसरायचे, म्हणून कुकरच्या शिट्टीला बांधून घेतलं, आणि स्कूटरवर असले की काळा घोडा सर्कलच्या सिग्नलला. सातव्या आठवड्यात फोडणीच्या मिरचीने सलग चार शिंका आल्या आणि काही झालं नाही. मी नवऱ्याला ऑफिसात फोन करून सांगितलं. मराठीत. तो मीटिंगमध्ये होता, "अभिनंदन" म्हणाला आणि फोन ठेवला. त्या रात्री बाकीचंही बोललो.

पुढच्या उत्तरायणला पुन्हा त्याच गच्चीवर जमलो. मुलगी भावाच्या कडेवर, शेजारचे काका या खेपेला उंधियूपासून लांब. भावाने त्यांची नक्कल केली तशी आई हसायला लागली, आणि हसता हसता तिने कठडा धरला, एक पाय दुसऱ्या पायावर घट्ट चढवला. मला ती पोझ चांगली ओळखीची होती. जिन्यात गाठून विचारलं, "आई, सुटली ना?"

ती आधी "छे" म्हणाली. मग दोन पायऱ्या उतरून थांबली. "तुझ्या वेळेपासून," म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं. सवय होते."

पुढच्या सोमवारी मी तिला घेऊन गेले. वाटेत रिक्षात ती मला बजावत होती, तूच काय ते सांग, मला नाही बाई जमायचं. बाईंनी फाइल उघडली आणि माझ्याकडे न बघता तिलाच विचारलं, "खांसो त्यारे?"

आई ताठ बसली. "खांसुं त्यारे, छींक आवे त्यारे," ती म्हणाली, "ने आ छोकरी हसावे त्यारे तो खास."