कलती टाकी, भरणी सातवी: वेटोळी आली, पण दोनच

टाकी कलवल्यावर पाण्याचे दोन थर एकमेकांवरून उलट दिशांनी सरकतात तेव्हा उठणारी केल्विन-हेल्महोल्ट्झची वेटोळी अखेर दिसली, कड पूर्ण गुंडाळलेली, मधल्या डोळ्यासकट! टाकी तीच: 120 सेंमी लांब, 10 उंच, 5 रुंद. वर 3 लिटर गोडे पाणी, खाली तेवढेच खारे, लिटरला 20 ग्रॅम मीठ आणि खाण्याचा लाल रंग. कल 6 अंश.

आधीच्या सहा भरण्यांत इंटरफेस (दोन थरांमधला सीमेचा पट्टा) नुसता ताणला जायचा आणि दोन्ही टोकांकडच्या लाटा मध्यावर येऊन सगळे ढवळून टाकायच्या. मीठ वाढवणे फुकट. शिअर (थरांच्या वेगांतला फरक) जेवढे लवकर तयार होते, तेवढ्याच पटीने त्या लाटाही पळतात. रिचर्डसन अंक (घनतेतल्या फरकाचा आवर आणि शिअरचा जोर यांचे गुणोत्तर; तो पावाखाली गेला की वेटोळी उठू शकतात) पावावर येतो 2/(N साइन θ) सेकंदांनी. तोवर लाट √(δH)/साइन θ एवढे अंतर कापते. θ हा कल, δ ही इंटरफेसची जाडी, H टाकीची उंची, आणि N ही इंटरफेसमध्ये घनता किती झपाट्याने बदलते त्यावरून ठरणारी वारंवारता. मीठ या सूत्रातून गळूनच जाते. जाडी 4 सेंमी असेल तर हे अंतर 60 सेंमी भरते, म्हणजे नेमका टाकीचा मध्य.

नुसत्या विसरणाने 4 सेंमी व्हायला जवळपास एक दिवस लागतो. तेव्हा दोष भरणीचा. मत्स्यटाकीचा पंप अगदी मंद ठेवला तरी खालून कारंजे उडवतो. या कामाला तो निरुपयोगी. त्याऐवजी सलाईनचा सेट: चाकाने मिनिटाला 50 मिली, तोंडाशी स्पंज. तरी जाडी अडीच सेंमी. मग मध्यउंचीवर 3 मिमीचे भोक पाडून तिथून मिश्र पाणी काढले, वरून गोडे आणि खालून खारे सारख्याच वेगाने सोडत. अर्ध्या तासात दीड सेंमी!

वेटोळी साडेआठव्या सेकंदाला उठली. दोन वेटोळ्यांत सुमारे 10 सेंमी, जाडीच्या सातपट, हिशोबाला धरून. तोवर लाटा मध्यापासून दहाएक सेंमीवर येऊन ठेपल्या होत्या, म्हणून दोनच.

झाकणाखाली शेंगदाण्याएवढा बुडबुडा राहिला तरी कलताना तो धावतो आणि भरणी वाया जाते. पाणी रात्रभर उघडे ठेवावे: हवा निघते, दोन्ही बादल्यांचे तापमानही जुळते. टेबल-मिठाने पाणी गढुळते. खडेमीठ विरघळवून फडक्यातून गाळलेले बरे. पोटॅशियम परमँगनेट नकोच, अॅक्रिलिकवर तपकिरी डाग राहतात.

पुढची टाकी 180 सेंमीची ठरली होती. म्हणजे क्लोरोफॉर्मचे आणखी जोड, आणखी गळती. पण वरचे सूत्र पुन्हा पाहता, कल 10 अंश केला तर दीड सेंमी जाडीला पडणारे 37 सेंमीचे अंतर 22 वर येते, आणि त्याला फक्त टेकूचा ठोकळा बदलावा लागतो. मात्र मग पाव अंक 3.8 सेकंदांतच गाठला जातो, त्यामुळे टाकी कलवण्यात जाणारा एक सेकंद हिशोबात धरावा लागेल. लांब टाकी तूर्त रद्द. आठव्या भरणीला ठोकळ्यावर रबर, म्हणजे टेकताना धक्का नको.