पंचावन्न तासांचं भाडं

सांगलीहून मुंबईला बदली झाली. ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात, हातात तीन आठवडे. मोबाइलवर भाडी बघून मी डोंबिवली जवळजवळ पक्की केली होती. पूर्वेला वन बीएचके १४,०००. कुर्ला स्टेशनजवळच्या नेहरूनगरात तेवढ्याच जागेचे ३०,०००. आईला आकडा सांगितला तर म्हणाली, "अगं, आपले चारही भाडेकरू मिळून एवढं देत नाहीत!"

डोंबिवलीच्या मावशीने मात्र अडवलं. "आधी आठवडाभर माझ्याकडे राहून बघ." मग रजा टाकली आणि रोज सकाळी आठच्या सुमाराची फास्ट पकडून कुर्ल्याला जायला लागले, ऑफिसात काही काम नसताना! पहिल्या दिवशी दोन गाड्या सोडल्या. तिसऱ्या गाडीत लेडीज डब्यातल्या एका काकूंनी दप्तर पुढे घ्यायला लावलं आणि आत ओढलं. कुर्ल्याला पश्चिमेला उतरून शेअर रिक्षाची रांग. मावशीच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत एक तास पन्नास मिनिटं.

नेहरूनगरातून पस्तीस मिनिटं लागली. म्हणजे जाऊन-येऊन रोज अडीच तास वाचतात, महिन्याच्या बावीस दिवसांत पंचावन्न तास. जास्तीचे १६,००० त्यावर वाटले तर तासाला २९० रुपये. हा हिशोब मला एकदम पटला. माझा एक तास एवढ्याला कोणी मागितला तर मी देणार नाही.

नेहरूनगरच्या घराचं टोकन, म्हणजे घर पक्कं करायची आगाऊ रक्कम, द्यायलाच निघाले होते. जिन्यात वॉचमन भेटला, सहज म्हणाला, "ताई, किती महिन्यांसाठी घेताय? सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीय." एजंटने याचा उच्चारही केला नव्हता. वर डिपॉझिट दोन लाख. बिल्डिंग रिकामी करायची वेळ आली की मी पुन्हा एजंटच्या दारात, पुन्हा एक महिन्याचं भाडं दलाली. तिथून मागे फिरले.

मग मुलुंड पूर्व. तिसरा मजला, लिफ्ट नाही, भाडं २४,०००, डिपॉझिट ७५,०००. प्रवास एक तास पाच मिनिटं. ठाण्याहून सुटणारी स्लो मिळाली तर मुलुंडला निदान नीट उभं राहता येतं. डोंबिवलीशी ताडून बघितलं तर वाचलेला तास इथे ३०० रुपयांच्या थोडा वर पडतो, नेहरूनगरपेक्षा महाग! पण घर वर्षभर टिकेल असं घराकडे बघून वाटलं. तीन जिने मी अजून मोजते, विशेषतः गॅस सिलिंडर येतो तेव्हा.

करारनामा अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्स. नोंदणी करावीच लागते. स्टँप ड्युटी म्हणजे अकरा महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिटवरचं मानीव (हिशोबापुरतं धरलेलं) व्याज यांच्या बेरजेच्या ०.२५ टक्के, म्हणजे माझी ६८० रुपयांच्या आसपास, आणि नोंदणी फी १,०००. एजंटने "सगळं मिळून" पाच हजार सांगितले होते. मी हिशोब कागदावर मांडून दाखवला तेव्हा तो साडेतीनवर आला. घर सोडताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापायचं कलम होतं, ते खोडून घेतलं. सामान लावायच्या आधी मोरीच्या भिंतीवरच्या ओलीचे फोटो काढून मालकांना पाठवले.

मावशी अजून म्हणते, डोंबिवलीत दहा हजार वाचले असते. वाचले असते, खरंच. शनिवारी सकाळी जाते तिच्याकडे, उलट्या दिशेच्या गाडीने, खिडकीत बसून.