"क्लायमॅक्स एक नंबर होता"

काल रात्री 'मेजर' सिनेमा बघून बाहेर पडताना जिन्यात पुढे चालणारा एक मुलगा मित्राला म्हणाला, "क्लायमॅक्स एक नंबर होता यार!"

म्हणाला आणि बाहीने डोळे पुसले. म्हणजे रडला होता तो पण, मनापासून. म्हणूनच राग आला नाही, पण ते वाक्य घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही.

कारण तो क्लायमॅक्स म्हणजे २८ नोव्हेंबर २००८, मुंबईवरचा दहशतवादी हल्ला, ताज हॉटेल, आणि एनएसजी या कमांडो दलाचे मेजर संदीप उन्नीकृष्णन. वय ३१. जखमी साथीदाराला बाहेर काढायची सोय केली आणि स्वतः एकटे पुढे गेले. "वर येऊ नका, मी बघतो त्यांना" असं वायरलेसवर म्हणाले होते असं सांगतात. पुढे अशोकचक्र मिळालं, मरणोत्तर.

थिएटरमध्ये या वाक्याला शिट्ट्या पडल्या, मीपण टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. पण पडद्यावर आईवडील आले की सगळं चिडीचूप, आणि माझ्या शेजारच्या काकू हळूच पुटपुटल्या, "त्या माउलीने हे कसं बघितलं असेल गं?"

ते तीन दिवस आपण मुंबईकर टीव्हीसमोरून हललो नव्हतो. तेव्हा कोणी शिट्टी नव्हती मारली, पुढे काय होणार ते कुणालाच माहीत नव्हतं, घशाखाली घास उतरत नव्हता.

तुमच्या थिएटरमध्ये काय झालं? लोक लगेच उठले की बसून राहिले?