झोपडी खंय आसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी विषय बदलते. ताटातली सुरमई संपत येते, सोलकढीची दुसरी वाटी मागून होते आणि पुण्या-मुंबईचा एखादा तरी पाहुणा विचारतोच. आधी इथल्या राजकोट किल्ल्यावर कोसळलेल्या शिवपुतळ्याचं. मग आवाज जरा खाली आणून, आमच्या घरातली काही भानगड असल्यासारखं, "पण काय हो ताई, मधू दंडवत्यांसारखा माणूस तुम्ही १९९१ च्या लोकसभेला पाडलातच कसा?"

बारा वर्षं झाली मालवणात वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते आहे. या प्रश्नाची माझ्याकडे तीन-चार उत्तरं तयार असतात, आणि पाहुणा बघून त्यातलं एक वाढते. घाईत असेल तर राजीव गांधींची हत्या. अभ्यासू दिसला तर चाकरमानी आणि शिवसेना. फारच 'कोकणी माणसाला किंमतच कळली नाही' करायला लागला, तर त्याला मी त्याच्याच शहराची आठवण करून देते. पुण्यानं एसेम जोशींना लोकसभेत पाठवलं १९६७ साली, तेही एकदाच. मुंबईनं त्याच वर्षी स. का. पाटलांना पाडून जॉर्ज फर्नांडिसांना डोक्यावर घेतलं आणि १९७१ मध्ये खाली ठेवलं. आणि आम्ही? १९५७ ते १९९१, सलग चौतीस वर्षं, आठ निवडणुका. तीनदा बॅरिस्टर नाथ पै, पाचदा दंडवते. राजापूर मतदारसंघ म्हणजे काय तर मनीऑर्डरवर जगणारी घरं, अर्धी तरणी माणसं परळ-लालबागला, रस्ता म्हणावा असा रस्ता नाही. त्यातून आम्ही दिल्लीला घटनेवर बोलणारे खासदार पाठवत होतो. त्याबद्दल 'कसं काय हो जमवलंत' असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. पाडलं तेवढं लक्षात.

राजीव गांधींच्या हत्येचं उत्तर मी देते खरी, पण ते मलाच पटत नाही. २१ मे १९९१ ला ते गेले, आमच्याकडचं मतदान जूनवर गेलं, सहानुभूती होती, सगळं बरोबर. पण १९८४ ला इंदिराबाईंच्या हत्येनंतर आलेली लाट याहून मोठी होती, आणि तेव्हा आम्ही दंडवत्यांनाच निवडून दिलं होतं. १९७१ मध्येसुद्धा इंदिरा लाटच होती. १८ जानेवारीला बेळगावात नाथ पै गेले, दोन महिन्यांत निवडणूक आली, आणि नगरचा, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवणारा हा प्राध्यापक कोकणातून निवडून आला. मालवणी धड बोलता येत नसलेला माणूस. तेव्हा लाटेचं आम्हाला नका सांगू, आम्ही समुद्राकाठचे आहोत.

चाकरमान्यांचं उत्तर जास्त खरं आहे. ते आमच्या पडवीतच बसलेलं असायचं. माझे काका गिरणीत होते. १९८२ चा संप सुरू झाला तोही १८ जानेवारीलाच. बाबा त्या दिवशी नाथ पैंच्या फोटोला हार घालायचे आणि काका म्हणायचे, "माझापण फोटो लाव बाजूक." संपानंतर दोन वर्षांनी ते कायमचे गावी आले. येताना एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि शिवसेना घेऊन आले. गणपतीला येणारे सगळेच थोडीथोडी आणत होते म्हणा. १९९० मध्ये मालवणनं नारायण राण्यांना आमदार केलं तेव्हा बाहेरच्यांना धक्का बसला. आम्हाला नाही. समाजवादी पक्ष शाळामास्तरांचा होता आणि गिरणी बंद पडलेल्या माणसाला शाळामास्तर काय देणार?

माझे बाबा शाळामास्तरच होते. राष्ट्र सेवादलवाले. साधना साप्ताहिकाचे जुने अंक माळ्यावर, उंदीर लागू नये म्हणून डब्यात. डाळीला डबा कमी पडला तरी ते अंक कधी बाहेर निघाले नाहीत.

आता जे पाहुण्यांना सांगत नाही ते.

१९८९ ला मी वीस वर्षांची होते. वय अठरावर आणलेलं होतं म्हणून मत मिळालं, आणि ते मी दंडवत्यांना दिलं. ते अर्थमंत्री झाले तेव्हा बाबांनी शाळेत पेढे वाटले. पुढल्या वर्षी मी एका बँकेची लेखी परीक्षा पास झाले. मुलाखतीचं पत्र आलं. देशातल्या बँका ज्यांच्या खात्याखाली येतात ते गृहस्थ बाबांना नावानं ओळखत होते. सभेआधी सतरंज्या घालणारे आणि सभेनंतर गुंडाळणारे मास्तर म्हणून का होईना, ओळखत होते. मी बाबांना म्हटलं, एक पोस्टकार्ड टाका. फक्त 'मुलगी मुलाखतीला बसते आहे' एवढंच. बाबा पेपर वाचत होते, त्यांनी तो खालीही केला नाही. म्हणाले, "असल्या कामासाठी आपण त्यांना निवडून दिलेलं नाही."

मुलाखतीत मी राहिले. पोस्टकार्ड गेलं असतं तरी राहिले असते, बहुधा. दंडवते असल्या पत्राला दाद देणाऱ्यातले नव्हते, हे मला तेव्हाही माहीत होतं. रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोम घालून दिला, पण ओळखीच्याला आरक्षण मिळवून दिल्याची गोष्ट कुणी सांगत नाही. तुम्ही ज्या गुणासाठी त्यांना थोर म्हणता, नेमक्या त्याच गुणाचा मला राग होता. बावीस वर्षांच्या, बीए होऊन घरात सुपारी फोडत बसलेल्या मुलीला तो गुण काय कामाचा?

जूनमधलं मतदान. मिरग लागलेला, पाऊस असा की समोरचं घर दिसत नव्हतं. निम्मा गाव पेरणीत. बाबा सकाळपासून शाळेबाहेर हद्दीच्या रेषेपलीकडे दंडवत्यांच्या चक्राच्या टेबलावर, वर ताडपत्री, मतदारयादी प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी आधी जाऊन माझं मत काँग्रेसच्या हातावर मारून आले होते. कुणाला सांगायची गरजच पडली नाही, आमच्या घरात कुणी कुणाला विचारत नसे. बाबांचं तत्त्व होतं ते.

अकरा-साडेअकराला आजीला घेऊन परत गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, वय ऐंशीच्या पुढं. पण मत चुकवायचं नाही. तिनं १९५७ साली नाथ पैंचं भाषण ऐकलं होतं. त्यातलं काय कळलं असेल देव जाणे, पण तेव्हापासून तो 'आमचो नाथ'. आणि त्याची निशाणी झोपडी. मध्ये प्रजासमाजवादी पक्ष गेला, आणीबाणी आली, दंडवते तुरुंगात जाऊन आले, झोपडीच्या जागी नांगरधारी शेतकरी आला, त्याच्या जागी चक्र आलं. आजीला प्रत्येक वेळी बाबा नवीन निशाणी शिकवायचे, ती "बरां, बरां" म्हणायची आणि मनात झोपडीच ठेवायची.

दिसत नाही म्हणून सोबत कुणीतरी आत जाऊ शकतं. केंद्राध्यक्षांनी माझ्याकडून लिहून घेतलं: या मताची गुप्तता राखीन. सही केली. आजीच्या बोटाला शाई लागली, मतपत्रिका मिळाली, आणि आम्ही दोघी पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेलो. बाकावर शाईचं पॅड, फुलीचा रबरी शिक्का. वरच्या कौलातून एक थेंब बरोबर त्या बाकाच्या कडेवर पडत होता, टप्, टप्. आजीनं मतपत्रिकेवरून तळवा फिरवला, भाकरी थापताना फिरवतात तसा, आणि कुजबुजली, "झोपडी खंय आसा गो?"

मी म्हणू शकले असते, झोपडी गेली, आता चक्र. तोंडापर्यंत आलंही असेल. मी तिच्या मुठीत शिक्का दिला, मनगट धरलं आणि म्हटलं, "ही बघ, हय."

हातावर नेऊन ठेवला. तिनं जोर लावून दाबला. घडीही मीच घातली.

पुन:पुन्हा विचार करते तेव्हा मला दोन गोष्टी आठवतात आणि दोन्ही एकदम खऱ्या असू शकत नाहीत. एक, की मी ठरवून गेले होते. दुसरी, की त्या क्षणी काही कळलंच नाही, हात गेला. तेव्हाची मी सांगते: आजीचं मत तरी तिचं कुठं होतं, बाबा सांगत तेच ना! त्यांनी इतकी वर्षं चालवलं, मी एकदा. आताची मी तिला म्हणते, गप्प बस, ती झोपडी शोधत होती. त्यावर ती म्हणते, झोपडी मतपत्रिकेवर होती कुठं? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

बाहेर आलो. बाबा ताडपत्रीखालून उठून आले, आजीच्या डोक्यावर छत्री धरली. "घातलंस मा?"

"घातलंय," आजी म्हणाली. "चेडवान हात धरल्यान माजो."

बाबा हसले. मी रस्त्याकडे बघत होते.

निवडून आले काँग्रेसचे सुधीर सावंत, लष्करातून आलेले. दोन मतांनी काही झालं नाही, हे मलाही कळतं. तेवढं गणित मास्तरांच्या मुलीला येतं. पण 'तुम्ही पाडलंत' असं तुम्ही म्हणता तेव्हा तुम्हाला पूर्ण मतदारसंघ दिसत असतो, आणि मला एक मनगट.

बाबा २००३ साली गेले. त्यानंतर दोन वर्षांनी, नोव्हेंबर २००५ मध्ये, दंडवते गेले. त्या दिवसांत मालवणात पोटनिवडणूक होती, राणे शिवसेना सोडून काँग्रेसकडून उभे. रस्त्यांवर पोलिसांच्या गाड्या, कर्णे, मुंबईहून आलेली माणसं. दंडवत्यांची बातमी त्या गोंगाटात कुठं गेली कळलंही नाही. मी बाबांच्या कपाटातून नाथ पैंचा फोटो काढायला गेले, बाजूला दंडवत्यांचाही लावावा म्हणून, तर खाली शाळेची एक वही मिळाली. १९५७ पासूनचे निकाल, उमेदवार, निशाणी, सगळं मास्तरी अक्षरात. प्रत्येक निवडणुकीखाली एक ओळ: 'घर'. १९८९ खाली 'घर: ५ पैकी ४'. तो पाचवा काका. आणि १९९१ खाली:

'पराभव. घर: ५ पैकी ३. मी, ही, आई.'

म्हणजे माझं मत कुठं गेलं हे त्यांना माहीत होतं. विचारलं नाही, बोलले नाहीत, बारा वर्षं मी वाढलेलं जेवत होते. कसं कळलं ते मला आजही सांगता येणार नाही. कदाचित पोस्टकार्डाच्या दिवशीच त्यांनी ते मत वजा केलं असेल. पण त्यांच्या आईचं, म्हणजे आजीचं, मत त्यांनी धरलेलं होतं. त्यावर रेघ नाही, प्रश्नचिन्ह नाही. पेन घेऊन ३ चं २ करावं असं तेव्हा वाटलं होतं. केलं नाही. लिहून दिलं होतं ना, गुप्तता राखीन म्हणून. एवढी वर्षं राखली, आज तुम्ही विचारलंत आणि मोडली.

नंतरचा इतिहास तुम्ही कुणी विचारत नाही, तरी सांगून टाकते, भराभर. १९९६ पासून चारदा शिवसेनेचे सुरेश प्रभू. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. नाथ पैंनी मागितलेली, आणि दंडवते अर्थमंत्री व जॉर्ज रेल्वेमंत्री असताना मार्गी लागलेली. धावली तेव्हा यातलं कुणी आमचं खासदार नव्हतं. मालवणला ती आलीच नाही म्हणा, तुम्ही कुडाळलाच उतरता. २००९ ला राजापूर हे नावच गेलं, रत्नागिरी-सिंधुदुर्ग झालं, मालवण नावाचा विधानसभा मतदारसंघही कुडाळात विरला. त्या वर्षी आम्ही प्रभूंना पाडून निलेश राण्यांना पाठवलं, आणि पाडलेले प्रभू पुढं राज्यसभेतून रेल्वेमंत्री झाले. (आमच्याकडून पडलं की माणसाचं भलं होतं असं माझा नवरा म्हणतो.) मग दोनदा विनायक राऊत. २०२४ ला नारायण राणे, भाजपकडून, ४७,८५८ मतांनी. तेच राणे, चौथा पक्ष. निशाण्या बदलण्याबद्दल आजीला हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

वहीत १९९९ पर्यंतच्या नोंदी बाबांच्या आहेत. पुढच्या मी केल्या. 'घर' ही ओळ मात्र मी लिहीत नाही.

२०२४ च्या ७ मे ला, मतदानाच्या दिवशी, माझी आई ऐंशीची होती. घरून मत द्यायला पंचाऐंशी लागतात. तिलाही आता नीट दिसत नाही, काचबिंदू आहे. मशीनच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते म्हणतात, तिला सात मिनिटं दाखवली तरी वाचता येणार नाही. ती साडी नेसून तयार बसली आणि म्हणाली, चल. मी म्हटलं, माझे पाहुणे आहेत, मासे यायचेत. मुलाला पाठवलं सोबत.

तासाभरानं दोघं आली. आई पडवीत टेकली, पाणी मागितलं. मी दिलं. आत काय झालं ते मी विचारलं नाही, आणि मुलगा मोबाइल बघत होता.