त्या वर्षीची आखाजी (अक्षय्य तृतीया) कॅम्पात गेली

मामाची पोरगी यंदा एनसीसीत गेली आणि आता तिचा सीएटीसी म्हणजे वार्षिक ट्रेनिंग कॅम्प लागलाय, दहा दिवसांचा, तोही ऐन मे महिन्यात. चार दिवसांपासून तिचे व्हॉईस मेसेज चालू आहेत, ताई पेटी नेऊ का सॅक, ताई केस कापू का, ताई तिथं चार्जिंगला मिळतं का. म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकते, जळगाव-धुळ्याकडच्या अजून कोणाच्या पोरीला उपयोग झाला तर झाला.

केस कापायची गरज नाही गं. अंबाडा, जाळी आणि काळ्या पिना, बास. पिना मात्र दोन पाकिटं ने, कारण तिसऱ्या दिवसापासून सगळ्या बराकीत पिनांचीच चोरी होते, पैशांची नाही.

खरा विषय बूट. डीएमएस, म्हणजे परेडचे चामड्याचे बूट, नवे कोरे मिळाले म्हणून खुश होऊन मी ते पिशवीत तसेच ठेवून दिले होते आणि डायरेक्ट कॅम्पात घातले, दुसऱ्या दिवशी दोन्ही टाचा सोललेल्या. ते चामडं दगडासारखं असतं, आपल्या पायाचा आकार घ्यायला त्याला वेळ लागतो. तू आजपासून रोज तासभर घरात घालून फिर, मामी ओरडेल, ओरडू दे. आत पातळ सुती मोजा आणि त्यावरून खाकी मोजा असे दोन घाल, म्हणजे घासायचं ते मोज्याला मोजा घासतो, कातडीला नाही. फोड आलाच तर फोडू नको, कापूस ठेवून चिकटपट्टी लाव. बेरेट कॅप पण आधीच ओली करून डोक्यावर बसव आणि तशीच वाळू दे, नाहीतर पहिल्या फॉलिनला, म्हणजे रांगेत उभं करतात तेव्हा, सगळ्यांच्या टोप्या डोशासारख्या दिसतात आणि उस्तादांना (शिकवणाऱ्या फौजींना) दिवसभराचा विषय मिळतो. बक्कलला ब्रासो, बुटाला पॉलिश, पॉलिशच्या झाकणात दोन थेंब पाणी घेऊन कापसाने गोल गोल फिरवत राहा, मग चकाकी येते. बाकी पाण्याचा मग, ताट, कुलूप, दोरी, मच्छरदाणी हे लिस्टमध्ये असतंच, पॅड मात्र स्वतःचे भरपूर ने, तारीख नसली तरी.

आता उन्हाचं. आपल्याकडं मे महिन्यात चव्वेचाळीस-पंचेचाळीस म्हणजे रोजचंच, पण रोज आपण पंख्याखाली असतो, ग्राउंडवर नसतो. मी निघाले तेव्हा आजी दारात आडवी, "कशाले जास वं इतला उनमा, कायी पडी जाशी." ऐकत नाही म्हटल्यावर तिने पांढरा कांदा आणून माझ्या खिशात घातला, ऊन लागत नाही म्हणे. तो कांदा मी दुसऱ्या दिवशी लंगरच्या (कॅम्पातल्या जेवणाच्या) पाणीदार डाळीसोबत बुक्की मारून खाल्ला आणि आयुष्यात कांदा एवढा गोड कधी लागला नाही.

पण खरं सांगू का, मला ऊन कांदा खाल्ल्यामुळं लागलं नाही, पाणी न पिल्यामुळं लागलं. हे कोणी उघड बोलत नाही म्हणून मी बोलते. पोरी तीनशेच्या वर आणि बाथरूम मोजकी, तीही लांब, पाण्याचा टँकर कधी येईल भरवसा नाही, मग आम्ही सगळ्याजणींनी काय केलं तर पाणीच कमी प्यायलो, म्हणजे जायलाच नको. दोन दिवस जमलं. तिसऱ्या दिवशी सकाळच्या ड्रिलला सावधानमध्ये उभी होते, टाचा जुळलेल्या, पंज्यांमध्ये तीस डिग्री, सगळं कसं अगदी पुस्तकातल्यासारखं, आणि समोरच्या पोरीचा अंबाडा एकाचा दोन दिसायला लागला. नंतरचं आठवतं ते एकदम सावलीत, तोंडावर पाणी आणि हातात ओआरएसचा ग्लास. लाज वाटली खूप. पण हवालदार उस्ताद चिडले नाहीत, शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, बेटा पानी नहीं पियोगी तो रोज गिरोगी. आणि अजून एक सांगितलं जे मी आजही रांगेत उभं राहायची वेळ आली की करते, सावधानमध्ये गुडघे ताठ लॉक करायचे नाहीत आणि बुटाच्या आत पायाची बोटं हलवत राहायची, बाहेरून कोणाला दिसत नाही. एका जागी फार वेळ उभं राहिलं की रक्त पायातच साचतं, डोक्याला कमी पडतं, पोटऱ्या चालू राहिल्या की ते वर चढतं. म्हणून तुला सांगते, पी. शिट्टी साडेचारला वाजते, तू चारला ऊठ, लाईन नसते. एवढं एक ऐक, बाकी काही नाही ऐकलं तरी चालेल.

दिवस कसा जातो विचारत होतीस. उन्हाच्या आत पीटी आणि ड्रिल उरकतात, मग नाश्ता, मग हॉलमध्ये क्लास, दुपारी आडवं व्हायला मिळतं (पत्र्याखाली, म्हणजे भाकरीसारखं शेकायला), चारनंतर पुन्हा ग्राउंड. मॅप रीडिंगचा क्लास मला आवडला. आमचा कॅम्प चोपड्याकडं सातपुड्याच्या पायथ्याला होता, उस्तादांनी कंपास हातात देऊन विचारलं उत्तर दिशा कशी शोधणार, आणि आमच्यातली एक यावलची पोरगी कंपासकडं न बघता म्हणाली, सर सातपुडा आहे ना तिकडं. उस्ताद राजस्थानचे, त्यांना कळेचना. पण बरोबर आहे की तिचं, खान्देशातल्या माणसाला उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि तापी वाहते पश्चिमेला, अजून काय पाहिजे. उस्ताद हसले आणि म्हणाले, और रात को? मग रात्री ग्राउंडवर नेऊन सप्तर्षीच्या पुढच्या दोन ताऱ्यांवरून ध्रुव शोधायला शिकवला.

फायरिंगची सगळ्यांना भीती असते, मलाही होती. पॉइंट टू टू रायफल, पंचवीस यार्ड, लेटून, पाच राउंड. आधी तीन दिवस नुसतं घोकून घेतात, मजबूत पकड, दुरुस्त शिस्त (म्हणजे नेम), सही ट्रिगर ऑपरेशन. ट्रिगर ओढायचा नाही, दाबायचा, हळूहळू, श्वास अर्धा सोडून थांबायचं. मी चार राउंड असे दाबले की माझं मलाच कौतुक वाटलं. पाचव्याला घाम डोळ्यात गेला आणि मी घाईत ट्रिगर ओढला. टारगेट बघायला गेलो तर माझ्या कागदावर चार भोकं, आणि शेजारच्या नंदुरबारच्या पोरीच्या कागदावर सहा. तिने पाचच मारलेले. तिचं ग्रुपिंग (गोळ्या जवळजवळ लागणं) माझ्यामुळं बिघडलं म्हणून ती दोन दिवस बोलली नाही, आणि रिकामे खोके (झाडलेल्या काडतुसांची टरफलं) मोजून देताना सगळी रेंज आमच्याकडं बघून हसत होती.

आणि त्याच आठवड्यात आखाजी आली. तुला माहितीये आपल्याकडं आखाजी म्हणजे काय, दिवाळीला नाही आली तर चालेल पण आखाजीला लेक माहेरी पाहिजे, घागर भरायची, त्यावर डांगर ठेवायचं, खापरावरचे मांडे आणि आमरस, आणि निंबाच्या झाडाला झोका. माझी लग्न झालेली बहीण घरी आलेली आणि मी इथं वांग्याच्या रश्श्यात वांगं शोधत बसलेली. संध्याकाळी कल्चरलची तालीम होती, कोणीतरी एक आखाजीचं गाणं धरलं, मग दुसरीने, मग आमची अख्खी तुकडी, ब्राव्हो कंपनी. पुण्याकडच्या एक मॅडम होत्या, त्यांना शब्द कळत नव्हते पण त्या टाळ्या देत बसल्या. ऑब्स्टॅकल कोर्सच्या दोरावर दोघी-तिघींनी झोके पण घेऊन पाहिले, ते मॅडमना दिसलं नाही, म्हणजे त्यांनी पाहिलं नाही.

त्याच रात्री माझी सेंट्री ड्युटी, दोन ते चार. हातात लाठी, टॉर्च, आणि समोर काळा कुळकुळीत सातपुडा. दिवसभर भट्टी असलेलं ते ग्राउंड रात्री इतकं गार होतं की विश्वास बसत नाही, केळीच्या बागांकडून ओला वारा येतो. मी ध्रुव शोधत होते तेवढ्यात अंधारात पावलं वाजली. शिकवल्याप्रमाणे जोरात ओरडले, थम, कौन आता है! नियमाने उत्तर यायला हवं दोस्त. उत्तर आलं, "मीच शे वं!" ती नंदुरबारची. हातात मग, मगात पाणी. म्हणाली पी, नाहीतर उद्या परत पडशील आणि तुझी पण परेड मलाच करावी लागेल. अजून आम्ही आखाजीला एकमेकींना फोन करतो.

सर्टिफिकेटचं म्हणशील तर हो, बी सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसायला परेडची पंचाहत्तर टक्के हजेरी आणि एक कॅम्प लागतोच, आणि पुढं सी काढलंस आणि ग्रेड चांगली असली तर एनसीसी स्पेशल एन्ट्रीने लेखी परीक्षा न देता एसएसबीला, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीला, जाता येतं. ते सगळं सर सांगतीलच.

मी घरी परत आले तेव्हा आजी धाब्यावर (घराच्या गच्चीवर) बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होती. खरंच काळी पडले होते, त्यावरून ऐकून घेतलं. मग उस्तादांकडून मागून आणलेला टारगेटचा कागद दाखवला, घडी घालून जपून आणलेला. तिने पिठाचे हात लुगड्याला पुसले, कागद उन्हात धरला, एका डोळ्याने भोकांतून आरपार बघितलं, बोटाने मोजलं, पुन्हा मोजलं.

"पाच देल व्हतात ना? मंग पाचवी गोयी कोठे गई वं?"