सिव्हिल लाइन्स ते अंबाळा: पूर्वजांच्या नोंदींच्या वाटेवर

नागपुरातून पूर्वजांच्या शोधाला निघायचे तर आधी घरातल्याच एका फायलीकडे वळावे. कुटुंबात कुणाची ना कुणाची जात वैधता झालेली असते. त्या फायलीत वंशावळीचे शपथपत्र, शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरचा उतारा आणि कधी कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीची, नक्कलही सापडते. दोन-तीन पिढ्या इथेच हाती लागतात. मग आजी, मोठे काका, आत्याबाई यांना एकच विचारावे: मूळ गाव कोणते आणि तेव्हा तहसील कोणती? आडनावाचा आग्रह धरू नये. जुन्या नोंदीत बहुधा आडनाव नसतेच. ‘गणपत वल्द तुकाराम’, म्हणजे तुकारामाचा मुलगा गणपत, एवढेच लिहिलेले असते, पुढे जात आणि मौजा. बाईच्या नावापुढे ‘जौजे’ असले तर अमक्याची बायको, ‘बेवा’ असले तर विधवा.

गाव कळले की मी मेट्रोने झिरो माइलला उतरते आणि तिथून ऑटोने सिव्हिल लाइन्समधल्या आकाशवाणी चौकात, जिल्हाधिकारी कार्यालयात जाते. अभिलेख कक्षाची खिडकी उघडता उघडता पोहोचलेले बरे. जून-जुलैत प्रवेशाच्या दिवसांत वैधतेच्या नकला मागणाऱ्यांची इतकी गर्दी असते, की निवांत शोधाला वाव राहत नाही. दिवाळीनंतर जावे. अर्जावर मौजा, तहसील, पटवारी हलका (पटवाऱ्याची हद्द) नंबर आणि कोणत्या सालाचा कोणता कागद हवा ते नेमके लिहावे. ‘आमच्या आजोबांचे सगळे रेकॉर्ड’ असा अर्ज हमखास परत येतो, कारण बस्ते, म्हणजे कागदांचे गठ्ठे, नावानुसार नव्हे, गावानुसार बांधलेले असतात.

मागायचे काय? सुरुवात 1954-55 च्या अधिकार अभिलेखापासून (जमिनीच्या हक्कांची नोंद) करावी; अक्षर वाचता येते आणि खातेदाराच्या बापाचे नाव मिळते. तिथून मागे बंदोबस्ताच्या मिसलीकडे, म्हणजे जमीनमहसूल ठरवतानाच्या जुन्या कागदांकडे, जावे. नागपूर, वर्धा, भंडारा आणि चांदा (आजचे चंद्रपूर) भागात 1951 पर्यंत मालगुजारी होती, म्हणजे सारा मालगुजारामार्फत जाई, तर वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी तो थेट सरकारला देई. म्हणून आजोळ अकोल्याचे असेल तर तिथल्या कागदांचे नमुने वेगळे निघतात. नागपूरची पद्धत तिथे लावली की शोध अडतो.

तहसिलींची भानगड आधीच समजून घ्यावी. विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूर जिल्ह्यात नागपूर, रामटेक, उमरेड आणि काटोल या चारच तहसिली होत्या. गाव आज भिवापूर तालुक्यात असले तरी जुना बस्ता उमरेडच्या नावाने बांधलेला असतो. गडचिरोली 1982 मध्ये चंद्रपुरातून निघाला, गोंदिया 1999 मध्ये भंडाऱ्यातून. छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडून आलेल्या घराण्यांचे कागद मात्र मध्य प्रदेशातच शोधावे लागतात.

कोतवाल बुकासाठी उमरेडची वाट धरते. हंगामात भिवापूरकडे मिरचीचे लाल सडे पसरलेले दिसतात. कोतवाल गावातले जन्म-मृत्यू नोंदवून आणी, ती ही वही. बाळाचे नाव तिथे क्वचितच असते. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ लिहून बापाचे नाव दिलेले असते. त्यामुळे अंदाजे सालाच्या मागची-पुढची पाच वर्षे तपासावी आणि बापाच्या नावाने पाने उलटावीत. एकाच गावात त्याच नावाचे दोघे निघाले तर जात, मोहल्ला आणि भावंडांच्या नोंदी जुळवल्याशिवाय कुणालाही वंशावळीत बसवू नये. सर्वांत जास्त वंशावळी इथेच चुकतात. शाळेतली 1 जुलै ही जन्मतारीखही खरी मानू नये. नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली असते. मृत्यूची नोंद ‘फौत’ या शब्दाखाली शोधावी.

14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांच्या जातीच्या रकान्यात बौद्ध आले, काहींनी आडनावेही बदलली. अशा घराण्याची 1956 आधीची आणि नंतरची नोंद एकाच माणसाची आहे हे बापाचे नाव आणि गाव यांवरूनच सिद्ध होते. त्या बदलाची नोंद वंशावळीत तारखेसह ठेवावी, तो कुटुंबाचा इतिहास आहे.

मोडीतले कागद दिसले की घाबरू नये. नकलेसोबत स्वच्छ फोटो घ्यावा, परवानगी असेल तरच, आणि मोडी जाणणाऱ्याकडून पूर्ण लिप्यंतर करून घ्यावे. नुसता सारांश पुरत नाही. शक सनात 78 मिळवले की इसवी सन येतो, चैत्राआधीच्या महिन्यांत 79.

रामटेकला, नागपूरहून सुमारे 50 किलोमीटरवर, अंबाळा तलावाच्या घाटांवर अस्थिविसर्जन आणि श्राद्धे होतात. आपल्या घराण्याचे विधी करणारे उपाध्याय कोण, हे घरच्या वडीलधाऱ्यांकडून समजते. त्यांच्याकडे नोंदी आहेत का ते नम्रपणे विचारावे. घराण्यांच्या नोंदी असलेल्या वह्यांची खरी खाण नाशिकला. विदर्भ एक्स्प्रेसने नाशिक रोडला उतरावे, गोदाकाठी तीर्थोपाध्यायांना मूळ गाव आणि आडनाव सांगावे. जुन्या वहीत पणजोबांची सही निघू शकते. बायकांची नावे तिथे फार कमी सापडतात, म्हणून पणजीच्या माहेरचे गाव सांगून ती वहीही काढायला लावावी, आणि आपली नवी नोंद करताना मुली, सुना व त्यांची माहेरची नावे सगळी लिहावीत.