जाळरेषेचा नकाशा मिळवताना

वन कार्यालयाच्या अर्जात ‘संस्थेचे नाव’ हा रकाना सक्तीचा होता. मी निवृत्त अग्निशमन अधिकारी, माझी संस्था कुठली? तो रकाना भरल्याशिवाय जंगलाचा नकाशा मिळत नव्हता. आजही आठवलं की चीड येते, म्हणून हे लिहितोय.

नोकरीत इमारतींच्या आगी भरपूर पाहिल्या. वणव्याची चाल वेगळी असते आणि ती मला समजून घ्यायची होती. एक जळलेला डोंगर अभ्यासाला घेतला. जळलेल्या भागाची हद्द काढणं सोपं गेलं. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमा फुकट मिळतात, क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. हिरवी पानं जवळचा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतात, जळलेली जमीन लघुतरंग अवरक्त जास्त परत फेकते. प्रकाशाच्या या दोन पट्ट्यांवरून आगीआधीचा आणि नंतरचा निर्देशांक काढला, वजाबाकी केली की जळका भाग उठून दिसतो.

पण मला हवं होतं ते वेगळंच. जाळरेषा म्हणजे वणवा अडवायला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा. वणवा तिच्यावर अडला की ती ओलांडून गेला? जाळरेषा काही मीटर रुंद आणि या कामाला लागणाऱ्या लघुतरंग पट्टीच्या प्रतिमेतला एक चौकोन (पिक्सेल) 20 मीटरचा. प्रतिमेत रेषा दिसणार कशी? ती फक्त कार्यालयातल्या नकाशावर होती.

खिडकीवर पहिलं उत्तर मिळालं, ‘संस्थेचं पत्र आणा.’ मी सेवेचं ओळखपत्र दाखवलं. ‘ते जुनं झालं.’ रकान्यात ‘वैयक्तिक अभ्यास’ लिहिलं, तर अर्ज अपूर्ण म्हणून परत. वरच्या साहेबांना भेटायचं म्हटलं, तर साहेब दौऱ्यावर. पुढच्या खेपेला खिडकीवरचा माणूस बदललेला, त्यानं सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. नकाशा गोपनीय आहे असं कोणीच म्हणालं नाही, नाही म्हणायचं कारणही लेखी दिलं नाही. आग कुठे थांबते हे कळलं तर पुढच्या वेळी माणसं कुठे उभी करायची ते ठरवता येतं. ज्यांनी हे आधी समजून घ्यायला हवं, त्यांनीच मला रकान्यावर अडवलं, याचा राग आहे.

शेवटी आतल्या नकाशा विभागातल्या बाईंनी मार्ग दाखवला. ‘सगळा नकाशा मागू नका, नेमका कक्ष क्रमांक (जंगलाच्या त्या तुकड्याचा क्रमांक) आणि कारण लिहून साध्या कागदावर अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या.’ तसं केलं आणि नकाशाची स्कॅन प्रत हातात आली. त्या दिवशी खरंच हलकं वाटलं. तुम्हीही आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

नकाशा जुना असेल तर तो कोणत्या डेटमवर, म्हणजे जागा मोजायच्या कोणत्या मूळ संदर्भावर आहे ते पाहा. माझा सरळ टाकला तर ओढे शेजारच्या टेकडीवर चढत होते. डेटम बरोबर दिल्यावर सगळं जागेवर बसलं.

उत्तरही मिळालं. सपाटीवर जाळरेषेनं आग अडवली होती, चढावर नाही. चढाच्या दिशेनं जाणाऱ्या आगीचा वेग दर 10 अंशांच्या उताराला साधारण दुप्पट होतो, हा ठोकताळा पुस्तकात वाचला होता. इथे तो जमिनीवर दिसला. रेषेपलीकडच्या खोडांवर काजळी वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला उंच चढलेली होती, म्हणजे वारा कुठून होता तेही झाडांनीच सांगितलं. ओढ्याकाठचा पट्टा मात्र हिरवागार राहिला होता. वणव्याचा हा नकाशा माझ्या हातून झाला याचा मला अभिमान आहे.

एक राहिलं. उपग्रहाच्या आगसूचनेतला व्हीआयआयआरएसचा (उपग्रहावरच्या आग टिपणाऱ्या संवेदकाचा) ठिपका म्हणजे 375 मीटरच्या चौकोनाचा मध्य, आग नेमकी तिथेच असेल असं धरू नका. आणि डोंगरावर पहिल्या मोठ्या पावसाआधी जाऊन या. नंतर राख वाहून जाते, गवत फुटतं आणि प्रतिमेतली हद्दही पुसट होते.